घोडा की थेरपी रूममधला झोका?

ऑटिझम असलेल्या मुलाला लयबद्ध हालचाल दोन्हीकडे मिळते. साधा झोका मात्र मुख्यतः मागेपुढेच. चालता घोडा मुलाची कंबर मागेपुढे, वरखाली, डावी-उजवीकडे एकदमच हलवतो, जवळजवळ माणसाच्या चालीसारखी. शिवाय तो जिवंत! लगाम ओढला की थांबतो, मध्येच मान झटकतो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १२७ मुलांवरच्या अभ्यासात (२०१५) १० आठवडे घोडेस्वारी केलेल्यांची चिडचिड आणि अतिचंचलता, घोड्याविना तबेल्यातले उपक्रम केलेल्यांपेक्षा जास्त घटली. पण काही मुलं हेल्मेटच डोक्यावर ठेवू देत नाहीत, काहींना वास सोसत नाही. त्यात घोडा धरायला एक, दोन्ही बाजूंनी सांभाळायला दोघं, खर्च आलाच. रोजच्यासाठी माझं मत झोक्याला. घोडा परवडलाच तर आठवड्यातून एकदा, झोका बंद न करता.