चार्दाश ऐकायचा कुठे: हॉटेलात की तांत्सहाझमध्ये?

बुडापेस्टच्या हॉटेलांत जेवताना वाजतं ते हंगेरियन संगीत सुरेलच असतं. रोमा (जिप्सी) समाजातल्या वादकांच्या हातातलं व्हायोलिन, सोबत आपल्या संतूरच्या नात्यातलं सिंबालोम. पायाने दाबायच्या पेडलचं मोठं सिंबालोम १८७४च्या सुमारास वाद्यं बनवणाऱ्या शुंडा यांनी बुडापेस्टमध्येच घडवलं. या बैठकीत आधी संथ आणि मग भरधाव होणारा चार्दाश, म्हणजे हंगेरियन नाचाची धून, ऐकून अंगावर काटा येतो. पण आपण खुर्चीतच बसून राहतो.

तांत्सहाझ म्हणजे शब्दशः नाचघर. आज रोमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेक गावची ही रीत १९७२ साली बुडापेस्टमध्ये आली. शेबो फेरेन्त्स आणि हाल्मोश बेला व्हायोलिन-कोन्त्रा वाजवत आणि पोरं नाचत. मला इथलं कोन्त्रा फार आवडतं. दिसायला ते व्हायोलाच, म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठं भावंड, पण तारा तीनच आणि घोडी सपाट. त्यामुळे गज फिरवला की तिन्ही तारा एकदम बोलतात. ठेका धरतात ते कोन्त्रा आणि खालचा बास, सूर सांभाळतं व्हायोलिन. बहुतेक ठिकाणी आधी पावलं शिकवतात, म्हणून नवख्यालाही रिंगणात उतरता येतं. २०११ मध्ये युनेस्कोनेही या पद्धतीची दखल घेतली.

एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर मी बेधडक तांत्सहाझ सांगेन. ठेका पायात उतरला की तीच धून वेगळी ऐकू येते. सिंबालोमसाठी मात्र हॉटेलातही एकदा जाच, आणि शक्यतो वादकांच्या जवळचं टेबल धरा.