को-पेरेंटिंग अ‍ॅप 2 वर्षं वापरून: 3 स्टार, आणि ते का

आधीच सांगते, अ‍ॅपचं नाव लिहिणार नाहीये. नाव नसलेला रिव्ह्यू कसला असं वाटेल तुम्हाला, पण ज्या माणसामुळे हे अ‍ॅप घ्यावं लागलं तो माझं नेटवर काय काय शोधत बसतो ते मला चांगलं माहितीये. आणि तसंही ही सगळी अ‍ॅप्स थोड्याफार फरकाने सारखीच. अवरफॅमिलीविझार्ड तर 2001 पासून आहे, टॉकिंगपेरेंट्स आहे, अजून चारपाच आहेत, एकाची खोड कळली की बाकीच्यांत काय बघायचं ते आपोआप कळतं.

म्हणजे काय असतं हे, तर वेगळे झालेल्या आईबापांसाठी मेसेजिंग, कॅलेंडर, खर्चाची नोंद आणि एक खाजगी डायरी, सगळं एका जागी. पाठवलेला मेसेज दोघांपैकी कोणालाच एडिट करता येत नाही, डिलीट करता येत नाही, कधी पाठवला आणि समोरच्याने पहिल्यांदा कधी उघडला याची वेळ कायमची नोंदते. बस, पैसे या एका गोष्टीचे. कारण त्याआधी आमचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं आणि रात्री दीड वाजता यायचं ते सकाळी सातला गायब झालेलं असायचं, "हा मेसेज डिलीट केला आहे" एवढी एक ओळ उरायची. त्या ओळीचे स्क्रीनशॉट घेऊन मी वकिलांकडे गेले होते, सलग बावीस स्क्रीनशॉट, सगळ्यांत तेच. वकील बाई हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार.

अ‍ॅपचा आयकॉन म्हणजे दोन हसरे चेहरे आणि मध्ये एक छोटा हसरा चेहरा. पहिल्यांदा उघडलं की "तुमची टीम तयार करा" असं येतं. अहो, टीम असती तर घर सोडलं असतं का? ही अ‍ॅप्स बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असं जोडपं असतं की ज्यांचं फक्त पटलं नाही. आमच्या घरात न पटणं हा प्रश्नच नव्हता, प्रश्न हात उगारण्याचा आणि पोरीला तासन्‌तास खोलीत कोंडून ठेवण्याचा होता. समुपदेशक ताईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की को-पेरेंटिंग हा शब्द डोक्यातून काढून टाक, तुझ्यासाठी पॅरलल पेरेंटिंग. म्हणजे दोन रूळ, एकमेकांना न चिकटणारे, बोलणं फक्त मुलीबद्दल, फक्त लिहून आणि कमीत कमी. अ‍ॅप त्याला चालतं, पण सेटिंग्ज तुम्हाला स्वतः बदलाव्या लागतात, ते आपणहून तुम्हाला "जवळ आणायचा" प्रयत्न करत राहतं (फॅमिली फोटो अल्बम वगैरे, तो पहिल्याच दिवशी बंद केला).

पहिल्या आठवड्यात एका दिवसात 43 मेसेज आले. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक तरी करता यायचं, इथे ब्लॉक नाहीच, कारण दोघांनी बोलावं म्हणूनच तर ते बनवलंय. दिवसाला अमुक मेसेज अशी मर्यादा घालायची सोय हवीच हवी होती, मी दोनदा कस्टमर केअरला लिहिलं, दोन्ही वेळा "तुमचा अभिप्राय महत्त्वाचा आहे". असो. काही अ‍ॅप्समध्ये एक टोन तपासणारं फीचर असतं, तुम्ही रागाने काही लिहिलं की ते शब्द अधोरेखित करून विचारतं की असंच पाठवायचंय का. आमच्यातही आहे. गंमत अशी की त्याचे मेसेज त्यातून सुळकन पास होतात. "तू नेहमी ज्या रस्त्याने येतेस तिथे हल्ली अंधार असतो, काळजी घे." यात एकही वाईट शब्द नाही, मशीनला काय कळणार, पण मला पोटात गोळा येतो. माझाच "पुन्हा उशीर झाला" हा मेसेज मात्र लाल होतो!

ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांना वाटतं की वेगळं झालं की संपलं. संपत नाही. आधी घरात ताबा चालायचा, आता हातात एकच दोरी उरलेली असते आणि ती म्हणजे मूल, मग ती दोरी ओढली जाते. कधी भेटीची वेळ आयत्या वेळी बदलून, कधी औषध न देऊन, कधी पोरीच्याच तोंडून निरोप पाठवून.

आणि इथेच अ‍ॅपला माझे पूर्ण मार्क. आधी माझी आठ वर्षांची लेक पोस्टमन झाली होती. "बाबांनी सांगितलंय आईला विचार पैसे कधी देणार", "बाबा म्हणाले आई खोटं बोलते कोर्टात", दारातून आत यायच्या आधी हे सगळं घडाघडा म्हणून टाकायची, पाठांतर केल्यासारखं, विसरलं तर काय होईल या भीतीने. कोर्टाच्या ऑर्डरमध्ये वकिलांनी स्पष्ट लिहून घेतलं की सगळं बोलणं अ‍ॅपवरूनच, मुलीमार्फत काहीही नाही. हे ऑर्डरमध्ये नसेल तर अ‍ॅपचा उपयोग शून्य, समोरचा डाऊनलोडच करणार नाही, हे नीट लक्षात घ्या. ते लेखी झाल्यावर मी तिला सांगितलं की आता निरोप लक्षात ठेवायचं काम तुझं नाही, बाबांना काही सांगायचं असेल तर ते अ‍ॅपवर लिहितील. तीनचार महिने लागले. मग एकदा बॅग टाकता टाकता म्हणाली, "बाबांनी काहीतरी सांगितलं होतं पण मी विसरले, तू बघ अ‍ॅपवर," आणि खेळायला पळाली. ती विसरली! मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

उत्तरं कशी लिहायची तेही शिकावं लागतं. बिल एडी नावाचे एक वकील आणि समुपदेशक आहेत, त्यांची बिफ म्हणून पद्धत आहे, ब्रीफ, इन्फॉर्मेटिव्ह, फ्रेंडली, फर्म. थोडक्यात, कामापुरतं, सभ्य आणि ठाम. त्याने दोन पानं माझ्या चारित्र्यावर लिहिली की माझं उत्तर असं: "ती शनिवारी 10 वाजता तयार असेल. खोकल्याचं औषध बॅगच्या पुढच्या कप्प्यात आहे, दिवसातून 2 वेळा." संपलं. बाकीच्या दोन पानांना उत्तर नाही, खुलासा नाही, "असं काही नाहीये" सुद्धा नाही. सुरुवातीला बोटं अक्षरशः शिवशिवायची, एक एक मेसेज तासभर लिहायचे आणि खोडायचे. आता लिहायच्या आधी एवढंच बघते की हे उद्या न्यायाधीशांसमोर मोठ्याने वाचलं गेलं तर चालेल का. कारण रेकॉर्ड दोघांचं होतं, त्याचं एकट्याचं नाही, हे बरेच जण विसरतात आणि मग स्वतःच्याच मेसेजमध्ये अडकतात.

वाचल्याची वेळ दिसते हेही दुधारी आहे. "9:12 ला वाचलंस, आता 9:40 झालेत, उत्तर का नाही?" असं सुरू झालं. मग नोटिफिकेशन पूर्ण बंद केली, आठवड्यातून ठरलेले दोन दिवस, ठरलेल्या वेळी, शक्यतो मैत्रीण शेजारी असताना उघडते. तब्येतीचं तातडीचं काही सोडून बाकी सगळ्याला 48 तासांत उत्तर, हेही ऑर्डरमध्ये घालून घेतलं. लॉगिनला नवा ईमेल, नवा पासवर्ड, जुन्या घरात कधीही न वापरलेला.

कॅलेंडर ठीकठाक. बदलाची विनंती, मंजूर, नामंजूर, सगळ्याची नोंद राहते. सोडायच्या-आणायच्या ठिकाणी पोचल्यावर चेक-इन करायची सोय आहे, त्यातून तो किती वेळा चाळीस मिनिटं उशिरा आला ते मला वेगळं सांगावं लागलं नाही. पण खरं सांगू का, चेक-इनपेक्षा मोठा फरक पडला तो अदलाबदल शाळेतून करायला लागल्यावर. सकाळी एकाने सोडायचं, दुपारी दुसऱ्याने न्यायचं, दोघं समोरासमोर येतच नाहीत, गाडीच्या काचेतून शिव्या नाहीत आणि पोरीला एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरायची वेळच येत नाही. याला कुठलं अ‍ॅप लागत नाही.

आता एक स्टार कशासाठी कापला ते. डायरी. ती खाजगी आहे असं अ‍ॅपवर लिहिलंय, आणि आहेच, पण प्रत्येक नोंदीखाली "शेअर करा" चा एक टिक बॉक्स असतो आणि एका अपडेटनंतर तो आपोआप टिक केलेला यायला लागला. मी लेकीच्या दंडावरच्या वळाबद्दल लिहिलं होतं, ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत, आणि सेव्ह करायच्या अगदी आधी तो टिक दिसला. ते त्याला गेलं असतं तर पुढच्या भेटीत तिचं काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही. तेव्हापासून असलं काही अ‍ॅपवर लिहीत नाही, वेगळी वही आहे, घराबाहेर ठेवलेली.

वही कशी लिहायची तेही ताईंनी शिकवलं. तारीख, वेळ, मूल काय म्हणालं ते जसंच्या तसं, आपला अर्थ न लावता. "बाबांनी मारलं का?" असं कधीच विचारायचं नाही, "मग काय झालं?" एवढंच, आणि गप्प बसायचं. खोदून खोदून विचारलं तर पोर आपल्याला बरं वाटेल ते सांगायला लागतं, आणि मग खरं सांगितलेलंही शिकवलेलं ठरतं. आणि वळ दिसला तर वही नंतर, डॉक्टर आधी, त्या दिवशी तेच केलं. डॉक्टरांनी लिहिलेल्या एका कागदापुढे माझी अख्खी वही काही नाही. मुलाला आत्ता धोका असेल तर पोलीस, अ‍ॅपवर मेसेज टाकून उत्तराची वाट बघत बसायचं नाही. त्या कागदावरूनच भेटी सहा महिने देखरेखीखाली गेल्या.

जे अ‍ॅपला दिसतच नाही तेही सांगते. त्याने पोरीला टॅब दिला होता, जुन्या फॅमिली अकाउंटवर लॉगिन असलेला, म्हणजे आम्ही कुठे आहोत ते त्याला घरबसल्या दिसत होतं. मी अ‍ॅपच्या फोटोंमधलं लोकेशन बंद करत बसले होते आणि टॅब सोफ्यावर चार्ज होत होता. दुसरं, दप्तराच्या अस्तरात ब्लूटूथ ट्रॅकर. तो मला माझ्या फोनमुळे सापडला, मे 2024 पासून अ‍ॅपल आणि गूगल दोघांनी मिळून असा अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असेल तर सूचना द्यायची सोय केलीये, मग आयफोन असो की अँड्रॉइड. सूचना आली तर दुर्लक्ष करू नका, आणि सापडल्यावर रागाने फेकूनही देऊ नका, आधी फोटो, मग वकील किंवा पोलीस. मी फेकणारच होते.

त्याचे बरेचसे मेसेज "हक्का"बद्दल असायचे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं कलम 9, मुलाला दोन्ही पालकांना नियमित भेटायचा हक्क आहे, वाच जरा. वाचलं. 1989 चा करार आहे, कलम 9 मध्ये ते वाक्य खरंच आहे, फक्त त्याच वाक्याच्या शेवटी "मुलाच्या हिताच्या विरुद्ध असेल तर सोडून" असं आहे, तेवढं त्याने कापलं होतं. आणि कलम 19 त्याने कधीच पाठवलं नाही, ते आईबापांकडूनच होणाऱ्या हिंसेपासून मुलाला वाचवायचं. मग "पेरेंटल एलियनेशन" सुरू झालं, म्हणजे मी पोरीचे कान भरते. रिचर्ड गार्डनर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1985 मध्ये काढलेली कल्पना ही, आणि 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक (म्हणजे स्त्रियांवरच्या हिंसेवर अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ) रीम अल्सालेम यांनी आपल्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की ही कल्पना अशास्त्रीय आहे आणि हिंसेची तक्रार करणाऱ्या आयांविरुद्ध कोर्टात वापरली जाते. हे त्याला मी लिहिलं का, तर नाही. वकिलांना दिलं. त्याला लिहिलं की ती शनिवारी 10 ला तयार असेल. म्हणून काही मी धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही, एकदोनदा तिच्यासमोर माझ्या तोंडून वाईट गेलंय, तिचा चेहरा लगेच बंद होतो, कारण तिच्यासाठी तो बाबाच आहे.

रेकॉर्ड काढायची सोय चांगली आहे, तारखा टाकल्या की सगळं पीडीएफमध्ये येतं, फक्त सगळ्यात नवा मेसेज पहिल्या पानावर येतो, त्यामुळे वाचणाऱ्याला शेवटून सुरुवात करावी लागते. क्रम उलटा करायचं बटण सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी आहे, शोधा. दर महिन्याला काढून ठेवा, वर्षाचे पैसे भरायचे राहिले तर जुनं बघायची पंचाईत होते. वकील आणि समुपदेशकांना नुसतं वाचायला मिळेल असं खातं देता येतं, ते नक्की द्या. ताई सगळं वाचतात हे त्याला कळलं आणि 43 वरून दिवसाला दोनतीनवर आले मेसेज, महिन्याभरात. माणूस सुधारला असं अजिबात नाही. कोणीतरी बघतंय एवढंच.

परवा पुढच्या वर्षाचं रिन्यू केलं. तर 3 स्टार. एक त्या टिक बॉक्ससाठी कापला, आणि दुसरा त्या तीन हसऱ्या चेहऱ्यांसाठी, तो आयकॉन मी फोनच्या शेवटच्या स्क्रीनवर एका फोल्डरमध्ये टाकलाय, फोल्डरचं नाव "बिलं".