पेशीचक्राची जनुकं कशात अभ्यासावीत: अॅराबिडॉप्सिस, बीवाय-२ की क्लॅमिडोमोनास?

वनस्पतींच्या पेशीचक्रावर (पेशी वाढते, डीएनए दुप्पट करते आणि विभागते त्या क्रमावर) प्रकल्प घेणारे बहुतेक जण आधी जनुक निवडतात आणि मग ते कशात बघायचं याचा विचार करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. एकाच जनुकाबद्दल तीन ठिकाणी तीन वेगळे प्रश्न विचारता येतात, आणि चुकीच्या ठिकाणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही.

अॅराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती. तिचा जनुकसंच २००० सालीच वाचून झाला. गुणसूत्रांच्या फक्त ५ जोड्या, बियांपासून बियांपर्यंत साधारण दोन महिने आणि जवळपास प्रत्येक जनुकाचे म्युटंट (ते जनुक बिघडलेली रोपं) बियाणं-संग्रहातून मिळतात. मुळाच्या टोकाशी पेशी ओळींनी रचलेल्या असतात. टोकाजवळ विभागणाऱ्या, वर सरकत गेलं की लांब होणाऱ्या, त्यामुळे पेशीच्या जागेवरूनच तिचा टप्पा बराचसा कळतो. जनुक बंद पडल्यावर अख्ख्या रोपाचं काय होतं, हे इथेच दिसतं. सीडीकेए;१ हे पेशीचक्र पुढे ढकलणारं मुख्य जनुक पूर्ण काढून टाकलं तरी झाड जगतं, पण अगदी खुजं आणि वांझ राहतं. प्राण्यांच्या किंवा यीस्टच्या पेशीचक्रावर वाढलेल्या विद्यार्थ्याला (तिथे असं मुख्य जनुक गेलं की पेशी टिकत नाही) हे पचायला वेळ लागतो, म्हणूनच ते मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

अडचण आहे ती जनुकांच्या गर्दीची. सायक्लिन-डी या पेशीला विभाजनाकडे नेणाऱ्या प्रथिनांच्या गटातच १० जनुकं आहेत. एक काढलं की दुसरं त्याचं काम उचलतं आणि म्युटंट रोप अगदी नॉर्मल दिसतं. याच गटातली सीवायसीडी३ ची तिन्ही जनुकं एकदम काढली तेव्हा पेशींची संख्या घटली, पण उरलेल्या पेशी मोठ्या होऊन त्यांनी अवयवाची बरीचशी भरपाई केली. नुसतं पान मोजणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही, पेशी मोजाव्याच लागतात. त्यात पानांच्या पेशी विभाजन न करता डीएनए दुप्पट करत राहतात. पानावरच्या एकपेशीय केसात तो ३२सी पर्यंत, म्हणजे एका मूळ संचाच्या ३२ पटीपर्यंत जातो. सायमीज हे जनुक बिघडलं की त्याच केसात पेशीविभाजन सुरू होतं आणि केस बहुपेशीय होतो. विभाजन कसं थांबवलं जातं हा तुमचा विषय असेल, तर याहून सुंदर जागा मला माहीत नाही.

बीवाय-२ म्हणजे प्रयोगशाळेत सुट्या वाढवल्या जाणाऱ्या तंबाखूच्या पेशी. त्या द्रवमाध्यमात आठवड्यात ८० ते १०० पटीने वाढतात. अॅफिडिकोलिन हे औषध देऊन डीएनए-निर्मिती रोखायची, मग ते धुऊन टाकायचं, की लाखो पेशी एकत्र पुढे निघतात. कोणतं जनुक नेमकं कधी चालू होतं, प्रथिन कधी तुटतं, हे बघायला याला तोड नाही. पण तंबाखूत गुणसूत्रं ४८, तेही दोन पूर्वज जातींची एकत्र आलेली, त्यामुळे एक जनुक बंद करणं जिकिरीचं. या पेशींना ना मूळ ना पान, म्हणून विकासाचे प्रश्न इथे सुटत नाहीत. शिवाय औषधाचा ताण स्वतःच काही जनुकं चालू करतो. टप्प्यामुळे काय घडलं आणि ताणामुळे काय, हे वेगळं करणारा नियंत्रण-प्रयोग हवाच.

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हरित शैवाल. गुणसूत्रांचा एकच संच आणि पेशीचक्राची बहुतेक मुख्य जनुकं एकेकटी, त्यामुळे म्युटंटचा परिणाम लगेच उघडा पडतो. प्रकाश-अंधाराच्या चक्रानेच पेशी एका लयीत येतात, औषध लागत नाही. मॅट३ हे विभाजनाला लगाम घालणारं जनुक बिघडलं की पेशी वेळेआधी आणि जास्त वेळा विभागून चिमुकल्या होतात. आकार आणि विभाजन यांचा संबंध शोधायचा तर हेच घ्या. मात्र एक पेशी मोठी होऊन एकदम अनेक कन्यापेशींत विभागते, ही पद्धत झाडांची नाही.

एकच निवडायचं असेल आणि हातात पुरेसा वेळ असेल, तर मी अॅराबिडॉप्सिसचं मूळ निवडीन. जेमतेम काही महिन्यांचाच प्रकल्प असेल तर तिथेही नवे बहुम्युटंट (एकाहून जास्त जनुकं बिघडवलेली रोपं) बनवायच्या मागे लागू नका, तयार मार्कर-रोपं (ठरावीक जनुक चालू झालं की ज्यांच्या पेशी उजळतात अशी) घ्या. फक्त सीवायसीबी१;१ या विभाजनाच्या वेळी चालू होणाऱ्या सायक्लिन-जनुकाचा मार्कर वापरताना सांभाळा. डीएनएला इजा झाली तरी तो उजळतो, म्हणून त्याचा प्रत्येक ठिपका म्हणजे विभागणारी पेशी असं मोजू नका. त्याच मुळांत सूत्री विभाजनातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतंत्रपणे मोजा.