लेकीला कासव हवंय: टाकीतलं आणावं की लिंबावरचा सुरवंट पाळावा?

“बाबा, कासव आणूया ना!” हा हट्ट आमच्याकडे दोन वर्षं चालू आहे. तुमच्याही घरी असेल, तर आधी एक पक्कं करा. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव किंवा हिरवा कंठवाला पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणी गुपचूप आणून देतो म्हणालं तरी नको.

दुकानात मिळतं ते लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतलं. पिल्लू तळहातात मावतं. “एवढंच राहतं,” असं दुकानदाराने आम्हाला सांगितलं, ते साफ खोटं. मादी फूटभर होऊ शकते आणि नीट सांभाळलं तर कासव वीस-तीस वर्षं जगतं. आज सात वर्षांची लेक नोकरीला लागेल, तेव्हाही ते टाकीत असेल. काचेच्या वाटीत त्याचे हाल होतात. त्याला मोठी टाकी, फिल्टर, चढून बसायला कोरडा दगड आणि ऊन लागतं. उन्हाविना कवच मऊ पडतं. अंगावर जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, म्हणून पाच वर्षांखालचं मूल असेल तर आणूच नका. आणि नकोसं झालं म्हणून तळ्यात सोडू नका. इथल्या कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं.

ससाही सुचवावासा वाटत नाही. चुकीचं उचललं की तो जोरात पाय झाडतो, त्यात त्याचा कणा मोडू शकतो.

सुरवंटाला लागतं ते फक्त कुंडीतलं, औषध न मारलेलं लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला, तर तो लिंबाच्या फुलपाखराचा सुरवंट असू शकतो. पुढे तो हिरवा होतो. डिवचलं की डोक्यामागून दोन शिंगं काढतो आणि उग्र वास सोडतो. आमची लेक पहिल्यांदा दचकली, मग दिवसभर हुंगत बसली. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू देऊ नका. कोष झाला की साधारण आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू बाहेर येतं. कधी कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीसारखा परजीवी कीटक निघतो. आमच्याकडे तसं झालं तेव्हा ती खूप रडली. तेवढी तयारी ठेवा.

सात-आठ वर्षांपर्यंत मी सुरवंटच सुचवेन. आमच्याकडे सध्या चौथा कोष आहे. कासवाचा विषय ती अजून काढते. ती दहाची झाली आणि सुट्टीत गावी जाताना त्याला कोण बघणार हे ठरलं, की आणू, असं तिला सांगितलंय.