जुन्या जर्मनीची टपाल तिकिटं जमवायला सुरू करताय? बव्हेरिया, १८७२ चा गरुड की हेलिगोलँड

बजेट थोडं असेल तर माझं मत सरळ आहे, कुठलं तिकीट भारी दिसतं ते नंतर बघा, आधी कुठल्यातलं खोटं आपल्याला घरी बसून पकडता येतं ते बघा.

त्या हिशोबाने बव्हेरिया, म्हणजे दक्षिणेतलं जुनं जर्मन राज्य, एक नंबर. म्हणजे ते काळं १ क्रॉयत्सर (तिथलं जुनं नाणं) किमतीचं नाही हं, १ नोव्हेंबर १८४९ ला निघालेलं जर्मन राज्यांतलं पहिलं तिकीट म्हणून सगळे त्याच्याच मागे धावतात आणि नकलाही त्याच्याच ढिगाने. त्याच्या सोबत निघालेली ३ क्रॉयत्सरची निळी आणि ६ क्रॉयत्सरची तपकिरी घ्या, कारण या दोघांच्या कागदात लाल रेशमी धागा आहे, उभा, कागद बनवतानाच आत घातलेला. मागची बाजू भिंगाखाली तिरक्या उजेडात धरली की धागा कागदाच्या तंतूंत रुतलेला दिसतो, नकलीत मात्र लाल शाईची रेघ ओढलेली असते आणि ती वरच बसलेली कळते. काळ्यात धागा नाहीच, त्यामुळे तिथे ही टेस्ट बाद. मग छपाई बघा: अस्सल तिकिटं ठशाच्या उंच भागाला शाई लावून दाबून छापलेली, दाबामुळे शाई रेषेच्या कडेला ढकलली जाते आणि कड जरा गडद दिसते. शिळाछापातली (दगडावरून सपाट छापलेली) नक्कल सगळीकडे सपाट. ३ क्रॉयत्सरचं निळं भरपूर छापलंय, स्वस्तात मिळतं, डोळा तयार करायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

१८७२ चं जर्मन साम्राज्याचं गरुडवालं, गरुडाच्या छातीवर आधी लहान ढाल आणि त्याच वर्षी पुढे मोठी ढाल. इथला गरुड लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखा उठावदार, मागूनही जाणवतो, त्यामुळे नकला छापणाऱ्या हॅम्बुर्गच्या स्पिरो बंधूंच्या छापाच्या जुन्या सपाट नकला लगेच कळतात. लोचा वेगळाच आहे, तिकीट अस्सल आणि पोस्टाचा शिक्का खोटा. मोठ्या ढालीचं १८ क्रॉयत्सर कोरं असेल तर परवडतं, वापरलेलं कित्येक पटीने महाग, मग कोऱ्यावर शिक्का मारून विकणारे असणारच ना! हे घरी ओळखायच्या भानगडीत पडू नका, कोरं घ्या नाहीतर स्वस्तातली ग्रोशेनची (उत्तरेकडच्या नाण्यातली) घ्या.

हेलिगोलँड, उत्तर समुद्रातलं बेट, त्याची तिकिटं दिसायला सगळ्यात गोड, हिरवा-लाल रंग, व्हिक्टोरिया राणीचं डोकं, बेट १८९० पर्यंत ब्रिटिशांचं पण तिकिटं बर्लिनला छापलेली. आणि नवख्याने लांब राहावं असं हेच. एका व्यापाऱ्याने यांची पुनर्मुद्रणं (विकायला नंतर पुन्हा छापलेली तिकिटं) काढून घेतली, बर्लिन, मग लाइपझिग, मग हॅम्बुर्ग, डोक्याच्या उठावासकट. म्हणजे भिंगाने पकडायला ढोबळ चूकच नाही, छटा, कागद आणि कडेच्या दातांचं माप ताडून बघायचं आणि त्यासाठी शेजारी ठेवायला खात्रीचा नमुना हवा. जुन्या अल्बममध्ये कोरा करकरीत सेट दिसला तर पुनर्मुद्रण धरूनच चाला. पुनर्मुद्रणाच्याच भावात मिळत असेल तर खुशाल घ्या, दिसतो छानच.

काळं १ क्रॉयत्सर किंवा ते वापरलेलं १८ क्रॉयत्सर हवंच असेल तर सर्टिफिकेटशिवाय नको. जर्मनीत १९५८ पासून तिकिटं तपासणाऱ्या परीक्षकांची संघटना आहे, बीपीपी, तिच्या परीक्षकाचं प्रमाणपत्र बाजारात चालतं. स्वस्त तिकिटाला मात्र परवडत नाही, फीच तिकिटापेक्षा जास्त व्हायची. आणि नुसतं सर्टिफिकेट बघून हुरळू नका, त्यावरचा फोटो हातातल्या तिकिटाशी लावून बघा, चारही बाजूंची कड आणि शिक्का नेमका कुठे पडलाय ते, कारण खरं सर्टिफिकेट भलत्याच तिकिटासोबत खपवणारेही आहेत.