ढकलत न्यायचा पाण्याचा ड्रम : दोन उन्हाळ्यांचा अनुभव

त्र्यंबकेश्वर तालुक्यातला आमचा पाडा. पावसाळ्यात धो धो कोसळतो, पण चैत्र लागला की विहिरीचा तळ दिसतो. आईच्या डोक्यावरचे हंडे उतरावेत म्हणून हा 45 लिटरचा ड्रम घेतला. तीन हंड्यांचं पाणी एका खेपेत येतं. सपाट वाटेवर सुरेख चालतो. विहिरीच्या चढाला मात्र दोघी लागतात. झाकणाचा रबरी वायसर महिन्याभरातच गेला, पाणी गळायला लागलं. नाशिकला रविवार कारंजावरून नवा आणून बसवला. तोंड रुंद आहे, हात घालून आतून घासता येतं, हे मला सगळ्यात आवडलं. ड्रम पाणी शुद्ध करत नाही, एवढं लक्षात ठेवा. आम्ही दुहेरी फडक्याने गाळतो, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबतो, मगच पितो. आईची मान या उन्हाळ्यात दुखली नाही.