‘जंगली संकर राजमा’चं पाकीट: उगवण झक्कास, लेबल मात्र फेकाफेकी

नागपूरच्या सीताबर्डीत बियाण्याच्या दुकानांत सध्या एक खाकी पाकीट लटकवलेलं दिसतंय, वर ठळक लिहिलंय ‘जंगली राजमा, नैसर्गिक संकर, १००% शुद्ध’, किंमत १२० रुपये. संकर पण आणि १००% शुद्ध पण, एकाच ओळीत, वाचूनच हसू आलं बाप्पा. कंपनीचं नाव लिहीत नाही, पाकीट बघितलं की कळेलच. टेरेसवर शेंगभाज्या लावणाऱ्या लोकांनी विचारलं म्हणून लिहितेय, ५ पैकी ३ स्टार आणि तेही बी चांगलं निघालं म्हणून.

आधी चांगलं सांगते. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात ग्रोबॅगमध्ये लावलं, शेणखत आणि कोकोपीट, बस्स, आणि जवळपास सगळंच उगवलं. पण उगवताना बारकाईनं बघितलं तर काही रोपांची दोन्ही दलं, म्हणजे बीच्या त्या दोन फोडी, मातीतून वर आली आणि काहींची मातीतच राहिली, वर आला तो नुसता कोंब आणि पानं. आता हा काही बारीकसारीक फरक नाही. साध्या राजम्याची म्हणजे फॅसिओलस व्हल्गॅरिसची दलं वर येतात आणि लाल फुलाच्या रनर बीनची म्हणजे फॅसिओलस कॉक्सिनियसची मातीखालीच राहतात, आणि दोघांचा खरा पहिल्या पिढीचा संकर असला तर दलं साधारण मातीच्या पातळीवर, मधेच कुठंतरी अडकतात. माझ्याकडे मधलं एकही नव्हतं. म्हणजे संकरबिंकर काही नाही, दोन जातींचं बी एकत्र करून पाकिटात भरलंय. पुढं वेल चढल्यावर फुलांनीही तेच सांगितलं, काही वेलांना पानांच्या वर डोकावणारे लालभडक तुरे, बाकीच्यांना साधी पांढरी-जांभळी फुलं.

आणि ‘जंगली’ म्हणावं तर दाणा अंगठ्याच्या नखाएवढा! रानातल्या राजम्याचा दाणा अगदी बारका असतो आणि शेंग वाळली की पिळा मारून फुटते, बी दूर उडते. माझ्या शेंगा वाळून वेलावर निवांत लटकल्या होत्या, हातानं फोडाव्या लागल्या. हजारो वर्षं माणसानं निवडून निवडून आणलेलं पीक आहे हे, जंगली कुठून आलं.

बरं संकराची गोष्ट मुळात खोटी नाही, म्हणून तर जास्त राग येतो. रानटी राजमा उत्तर मेक्सिकोपासून वायव्य अर्जेंटिनापर्यंत सापडतो आणि जिथं शेताच्या बांधाला लागून तो वाढतो तिथं पीक आणि रानटी यांच्यात मधेमधे देवाणघेवाण होते, मग शेतात ना धड पीक ना धड रानटी अशी तणासारखी मधली रोपं दिसतात. राजमा स्वतःच्याच परागानं फळतो, परागीभवन बहुतेक कळी उमलायच्या आधीच उरकतं, पण भुंगे आणि मोठ्या मधमाशा फुलात शिरून थोडाफार घोळ करतातच. मेक्सिकोत तपासलं तेव्हा पिकाकडून रानट्यांकडं जाणारी जनुकं उलट दिशेपेक्षा तीन-चार पट जास्त निघाली. आपल्याला वाटतं रानातनं पिकात येत असेल, तर नाही, उलटंच जास्त. आणि रनर बीनशी संकर जमतो तोही राजमा आई असेल तर बरा जमतो, उलट केलं तर फार अवघड. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात फॅसिओलस ड्युमोसस नावाची एक वेगळीच जात आहे, ती याच दोन घराण्यांच्या जुन्या नैसर्गिक मिसळणीतनं आली असं मानतात. एवढी भारी गोष्ट हाताशी असताना पाकिटावर काय छापलं, तर ‘हिमालयातील जंगली वाण’. राजमा मुळात अमेरिकेतला आहे भाऊ, तिथनं इकडं आला. त्याचे रानटी नातेवाईक ना हिमालयात आहेत ना आपल्या विदर्भात.

‘कीड लागत नाही’ हेही लिहिलंय. मेक्सिकोतल्या काही रानटी राजम्यांत आर्सेलिन नावाचं प्रथिन सापडलं, त्यामुळं साठवणीतल्या काही जातीच्या टोक्यांची, म्हणजे दाणे पोखरणाऱ्या किड्यांची, वाढ होत नाही, हे खरं आहे. तेवढंच कुठंतरी ऐकून छापलं असावं, कारण माझ्याच पाकिटात भोकं पडलेले दाणे होते.

रानटी-पाळीव मिसळण बघायचीच असेल तर तूर बघा ना. तुरीवर मधमाशा तुटून पडतात आणि शेजारच्या वाणाशी पाव हिश्श्यापर्यंत, कधी त्याहून जास्त परपरागीभवन होतं, म्हणून तर घरचं बी धरून ठेवलं की दोन-तीन वर्षांत बांधावरची तूर भलतीच दिसायला लागते. तुरीचा रानटी पूर्वज कॅजॅनस कॅजॅनिफोलियस ओडिशा-बस्तरकडं आहे, नागपूरहून बस्तरचं जगदलपूर काही फार लांब नाही, आणि त्याच्याच पेशीद्रव्यातनं, म्हणजे पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या भागातनं, पुढं हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं संकरित तुरीसाठी नर-वंध्य ओळी, म्हणजे ज्यांच्या फुलात कामाचा पराग तयार होत नाही अशी तूर, काढल्या. असं काही छापा की पाकिटावर, वाचायला मजा येईल.

फळण्याचं विचाराल तर साध्या राजम्यानं थंडीत मस्त शेंगा दिल्या, लाल फुलवाल्यानं मात्र फेब्रुवारीत ऊन चढायला लागल्यावर नुसती फुलं गाळली, त्याला आपला उकाडा झेपत नाही. शोभेला म्हणून एखादा वेल लावायला हरकत नाही, भुंगे दिवसभर घोंगावतात. नुसत्या शेंगा खायच्या असतील तर वाल नाहीतर बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, लावा, इथल्या हवेत कधीच दगा देत नाही, आणि त्याच दुकानात सुटं गावरान बी याच्या निम्म्या किमतीत मिळतं. दुकानदार काकाजी चांगले आहेत, उगवण कशी झाली ते विचारतात, बिल देतात.

एक गोष्ट मात्र भयंकर आहे. मागच्या बाजूला रेसिपी छापलीय, ‘मोड आणून कच्चे सॅलडमध्ये घ्या’. मूग-मटकीचं ठीक आहे, पण राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं, थोडेच कच्चे दाणे खाऊनही उलट्या-जुलाब सुरू होतात. रात्रभर भिजवून पाणी फेकायचं आणि कमीत कमी १० मिनिटं खळखळ उकळायचा, कुकरला लावला तर उत्तमच, पण मंद आचेवर नुसता कोमट शिजवला तर उलट जास्त त्रास होतो. काकाजींना ही ओळ दाखवली तर त्यांनी काउंटरवरची पाकिटं काढून पेनानं ती खोडायला घेतली. बाकीच्या दुकानांत तशीच असणार, घेतलंच तर तुम्हीच खोडा.